टिरेट्टा बाजाराच्या ‘खाद्यफेरी’त झालेली फसवणूक

कोलकात्यातील टिरेट्टा बाजाराचा पहाटेचा चिनी नाश्ता आणि तिथली जुनी चिनी मंदिरे पायी फिरून दाखवतो, असे सांगून गेल्या हिवाळ्यात आमच्याकडून माणशी 1800 रुपये आगाऊ घेण्यात आले. प्रत्यक्षात नाश्ता मिळाला नाही, एकाही मंदिरात पाऊल पडले नाही आणि दुपारी आम्हाला टांगरा या शहरातल्याच दुसऱ्या चिनी वस्तीतील एका महागड्या हॉटेलात नेऊन बसवण्यात आले. या फसवणुकीची पद्धत ठरवून बेतलेली आहे आणि सुट्टीच्या दिवसांत कोलकात्याला जाणारी मराठी कुटुंबे तिला सहज बळी पडू शकतात, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

आधी या बाजाराचे घड्याळ समजून घ्यायला हवे, कारण सगळी लबाडी त्या घड्याळावरच उभी आहे. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून आणि सेंट्रल मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पोद्दार कोर्टच्या मागे, सन यत-सेन रस्त्यालगत हा नाश्ता मिळतो. पहाटे विक्रेते मोठे अ‍ॅल्युमिनियमचे उकडपात्र, पातेली आणि टोपल्या घेऊन येतात. वाफाळते बाव (सारण भरून उकडलेले पाव), शुमाई (पातळ पारीचे उकडलेले मोमोसारखे घास), माशाच्या गोळ्यांचे सूप, तीळ लावून तळलेले गोड गोळे आणि पानात बांधून उकडलेला भात असे पदार्थ त्यांच्याकडे असतात. साडेसात-आठपर्यंत बरेचसे संपते आणि त्यानंतर ती जागा नेहमीच्या भाजी-मासळीच्या बाजाराची होते. रविवारी गर्दी अधिक असते, इतर दिवशी विक्रेते मोजकेच येतात. थोडक्यात, सहाच्या सुमारास पोहोचलेल्या माणसाला जे मिळते, ते साडेआठला पोहोचलेल्याला कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

जाहिरात समाजमाध्यमावर होती. छायाचित्रे उत्तम होती, ‘दहा पदार्थ, चार मंदिरे, दोनशे वर्षांचा इतिहास’ असे त्यात म्हटले होते. आम्ही चौघे होतो: मी, पत्नी, मेहुणी आणि साडू. जागा मोजक्याच शिल्लक आहेत, असे सांगून संपूर्ण रक्कम यूपीआयने मागून घेण्यात आली. ठरलेली वेळ शनिवारी सकाळी सहाची होती. शुक्रवारी रात्री अकराच्या पुढे संदेश आला की थंडीमुळे बाजार उशिरा भरतो, तेव्हा आठ वाजता सेंट्रल स्थानकाबाहेर या. त्या वेळी कोणाला विचारून खातरजमा करणे शक्य नसते आणि संदेश पाठवणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. मार्गदर्शक म्हणवणारा गृहस्थ साडेआठनंतर उगवला. आम्ही बाजारात पोहोचलो तेव्हा कोबीच्या पानांचा ढीग, मासळीचे पाणी आणि झाडू मारणारे पालिकेचे कामगार एवढेच दिसत होते.

त्याने चेहऱ्यावर काहीही न दाखवता सांगितले की चिनी नववर्षाच्या तयारीसाठी आज विक्रेते आलेले नाहीत. महिना डिसेंबर होता. चिनी नववर्ष चांद्र पंचांगाप्रमाणे 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान येते. हे त्याला सांगितल्यावर त्याने विषय बदलला आणि आम्हाला छातावाला गल्लीकडे नेले. तिथे 1905 साली बांधलेले सी इप मंदिर आहे, त्यात करुणेची देवता क्वान यिन हिची पूजा होते. कोलकात्यात अशा चिनी देवस्थानांनाही चर्च म्हणण्याचा प्रघात आहे. या गृहस्थाने नावाच्या पाटीवरील ‘चर्च’ हा शब्द वाचून, हे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ असून पर्यटकांना आत सोडत नाहीत, असे छातीठोकपणे सांगितले.

पैशांपेक्षा मला अधिक लागले ते त्याने सांगितलेल्या इतिहासामुळे. 1962 च्या युद्धात चीनमधून पळून आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती वसवली, असे तो म्हणाला. सत्य याच्या नेमके उलट आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याने कोलकात्याजवळच्या बजबज गावापाशी साखरेचा कारखाना काढला आणि त्या गावाला आजही अचीपूर म्हणतात. पुढे दक्षिण चीनमधील कँटनकडचे सुतार, हक्का या चिनी समाजाचे कातडी कमावणारे आणि चांभार, हुबेई प्रांताचे दंतवैद्य या शहरात स्थिरावले. टिरेट्टा हे बाजाराचे नावही अठराव्या शतकात इथे स्थायिक झालेल्या एका इटालियन गृहस्थावरून आले आहे. 1962 साली घडले ते असे, की पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेल्या चिनी वंशाच्या कुटुंबांना शत्रू समजून राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. सुटल्यावर अनेकांची घरे आणि धंदे गेलेले होते आणि पुढे कित्येक जण कॅनडासारख्या देशांत निघून गेले. ज्या वर्षाने ही वस्ती ओस पडू लागली, ते वर्ष तिच्या जन्माचे म्हणून पैसे घेऊन सांगितले जाते आणि ऐकणारे तेच गावी जाऊन पुढे सांगतात, हे मला अक्षम्य वाटते.

तिथून पुढे वेळ काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. चहा, उगाच दोन-तीन गल्ल्या, एका इमारतीसमोर छायाचित्रे. साडेअकराच्या सुमारास, ‘खरे चायनाटाउन आता टांगऱ्यालाच आहे’ असे सांगून त्याने टॅक्सी थांबवली. भाडे आम्हीच दिले. टांगरा ही हक्का चर्मोद्योगाची वस्ती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर तिथले कातडी कमावण्याचे कारखाने शहराबाहेर बानतळ्याला हलवण्यास सांगण्यात आले आणि हॉटेले तेवढी टांगऱ्यात वाढत गेली. तिथे उत्तम जेवण मिळते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आम्हाला नेलेल्या ठिकाणी दरपत्रक हाती न देता पदार्थ ‘सुचवण्यात’ आले आणि जेवण फेरीत धरलेले नाही, हे बिल आल्यावर कळले. मार्गदर्शक आमच्याबरोबर न बसता हॉटेलच्या पैशांच्या गल्ल्याजवळ उभा होता. संपूर्ण सकाळ का वाया घालवली गेली, याचा उलगडा तिथे झाला. हॉटेल उघडते दुपारच्या तोंडावर, कमिशन मिळते तिथूनच. ग्राहकाला पहाटे सहाला खाऊ घातले, तर तो नऊ वाजता तृप्त होऊन आपल्या वाटेने निघून जातो.

बिलात दहा टक्के सेवाशुल्कही लावलेले होते. ते मात्र आम्ही काढायला लावले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच असे शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली आहे. हे शांतपणे सांगितल्यावर व्यवस्थापकाने वाद घातला नाही.

निघताना सॉसच्या बाटल्या पुढे करण्यात आल्या. एक बाटली मी हातात घेऊन नीट पाहिली. वापरलेल्या बाटलीसारखी काच, तोंडावर मेणाचा ओबडधोबड थर, अंगावर लाल कागदाची पट्टी आणि तीवर सोनेरी रंगात चिनी अक्षरे. उत्पादकाचे नाव, घटक, तारीख, यांपैकी काहीही नव्हते आणि बंद अन्नपदार्थावर असायलाच हवा तो एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांकही नव्हता. किंमत 900 रुपये सांगितली. कोलकात्यात चिनी कुटुंबांनी चालवलेली सॉसची जुनी, नावाजलेली दुकाने आहेत. त्यांच्या बाटलीवर रीतसर लेबल असते आणि किंमतही रास्त असते. साडूंनी बाटली परत ठेवल्यावर मार्गदर्शकाचा सूर एकदम बदलला आणि तो टॅक्सीपर्यंतही आला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही कोणालाही न घेता सहाच्या आत बाजारात गेलो. धुके होते आणि उकडपात्रांची झाकणे उघडली की वाफेने समोरचा माणूस दिसेनासा होत होता. एका वयस्कर बाईंकडे आम्ही बाव घेतले. पातळ कागदावर ठेवलेला तो पांढरा गोळा इतका गरम होता की हात बदलत धरावा लागत होता, आणि आतल्या कोंबडीच्या सारणाला आले व कांद्याच्या पातीचा वास होता. पत्नी शाकाहारी आहे. तिला बाईंनी स्वतःहून तिळाचे गोळे दाखवले आणि ते वेगळ्या कढईत तळलेले आहेत का, हे शेजारच्याला विचारूनही दिले. चौघांचा पोटभर नाश्ता, आदल्या दिवशी एकट्याने भरलेल्या रकमेच्या निम्म्यातही झाला. आदल्या दिवशी विक्रेते आले नव्हते का, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या की त्या रोजच्यासारख्याच आल्या होत्या, पण आठपर्यंत माल संपला. उशिरा येणारे पाहुणे आम्हालाच दोष देऊन जातात, असेही त्या म्हणाल्या. सी इप मंदिराचे दार उघडे होते. पादत्राणे काढून आम्ही आत गेलो, कोणीही अडवले नाही.

मार्गदर्शक घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. या वस्तीचा इतिहास जाणणारे आणि विक्रेत्यांना नावाने ओळखणारे प्रामाणिक लोक कोलकात्यात आहेत, त्यांच्यासोबत फिरणे निश्चितच मोलाचे ठरेल. पण पैसे देण्यापूर्वी भेटण्याची वेळ लेखी घ्यावी. टिरेट्टा बाजारासाठी कोणी सातनंतरची वेळ देत असेल, तर तो नाश्ता दाखवणार नाही हे धरून चालावे. कोणते पदार्थ फेरीच्या रकमेत आहेत, जेवणाचे आणि प्रवासाचे पैसे कोणी द्यायचे, रद्द झाल्यास परतावा किती, हेही आधी विचारावे. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला थोडी रक्कम देऊन उरलेली शेवटी देण्याची तयारी दाखवावी, त्यावर येणारे उत्तर बरेच काही सांगून जाते. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारे खातेधारकाचे नाव जाहिरातीतील नावाशी जुळते का, तेही पाहावे. आमच्या बाबतीत ते तिसऱ्याच व्यक्तीचे होते.

फसवणूक झाल्यावर सर्व संदेश, जाहिरात आणि व्यवहार क्रमांक यांची चित्रे लगेच जपून ठेवावीत, कारण जाहिरातीचे पान दोन दिवसांत आमच्यासाठी बंद करण्यात आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पैसे घेऊन कोणी भेटलेच नाही, असा सरळ ऑनलाइन आर्थिक गुन्हा असेल, तर 1930 वर तातडीने कळवावे. पुष्कळांना वाटते की दाद मागायला कोलकात्याला खेपा घालाव्या लागतील. तसे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ती ऑनलाइन दाखल होते, सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही आणि त्यासाठी 2 वर्षांची मुदत असते. आम्ही 1915 वर तक्रार नोंदवल्यानंतर त्या गृहस्थाने निम्मी रक्कम परत करण्याची तयारी कळवली. आम्ही ती नाकारली असून संपूर्ण रकमेसाठी पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे अर्ज दाखल केला आहे.