जुने सिमेंटचे पत्रे उतरवून घेतले, त्याचा अनुभव

चिपळूणजवळच्या आमच्या घरावरचे बासष्ट सिमेंटचे पत्रे काढून रंगीत पोलादी पत्रे बसवण्याचे काम आम्ही गेल्या एप्रिलमध्ये एका स्थानिक कंत्राटदाराकडून करून घेतले. नव्या छपराबद्दल तक्रार नाही. उतार नेमका साधला आहे आणि पहिल्या पावसात कुठेही गळले नाही. आवाज मात्र बराच येतो, हे झोप सावध असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. हा अभिप्राय मुख्यतः जुने पत्रे उतरवण्याबद्दल आहे, कारण त्यासाठी आम्ही साडेचौदा हजार रुपये वेगळे मोजले होते.

त्याला कारण होते. वडील 1974 पासून एकोणीस वर्षे मुंबईत अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजापासून गाड्यांचे ब्रेक लायनिंग बनवणाऱ्या कारखान्यात होते आणि त्यांचे धुळीने पांढरे झालेले कपडे आई आधी झटकून मगच धुवायला घेत असे. गावी परतून कित्येक वर्षे लोटल्यावर, दीड वर्षापूर्वी, त्यांच्या छातीत पाणी झाले आणि तपासणीत मेसोथेलिओमा, म्हणजे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासात गेल्याने होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग निघाला. आता छातीत बसवलेल्या नळीतून दिवसाआड बाटलीत पाणी काढावे लागते आणि तीन उशा लावल्याखेरीज त्यांना निजता येत नाही. हा आजार छपरामुळे झाला असे मी म्हणत नाही. पण या पत्र्यांतही सिमेंटबरोबर साधारण आठ-दहा टक्के पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि पत्रा फोडला, कापला किंवा घासला की त्याचे तंतू हवेत मिसळतात.

म्हणून आधी पाणी मारायचे, हुक कापून पत्रा अखंड सोडवायचा, दोराने खाली घ्यायचा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, असे लिहून घेतले होते. वडिलांना चार दिवस आत्याकडे ठेवले. पहिल्या दिवशी काम खरोखर चोख झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी गंजलेला एक हुक सुटेना, तेव्हा कारागिराने सरळ हातोडा घातला; पत्र्याचे चार तुकडे पडवीत आले आणि मी पोहोचेपर्यंत एकजण कोरड्या खराट्याने चुरा लोटू लागला होता. कामगारांच्या तोंडाला साधे कापडी मास्क होते. बारीक तंतू अडवणारे पी-3 फिल्टरचे चार मास्क मी स्वतः आणून दिले, ते त्यांनी उकाड्यामुळे तासाभरात काढले. त्यांना दोष देववत नाही: हे पत्रे आजही दुकानात राजरोस मिळतात, मग त्यांनी भ्यावे तरी का?

खरी नाराजी पुढची आहे. ‘विल्हेवाट’ या शब्दाचा कंत्राटदाराने लावलेला अर्थ असा, की धड असलेले अठरा पत्रे शेजारच्या वाडीत गोठ्यासाठी विकायचे. टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो, हे सांगितल्यावर त्याने ते परत आणले, पण उघड्या टेम्पोतून. अधिकृत घातक कचरा केंद्रापर्यंतची वाहतूक दरात धरलेली नव्हती, हेही तेव्हाच कळले. कोणाला काम द्यायचे असल्यास ही बाब दरपत्रकात आधी वेगळी लिहून घ्यावी.

सध्या सगळे पत्रे गुंडाळून मागील परड्यात रचले आहेत. गाडीचे गणपतीनंतर बघू, असे कंत्राटदार म्हणतो. वडील खिडकीतून रोज प्लास्टिक कुठे फाटले आहे का ते पाहतात.