संडे तिकीट, एक अख्खा हंगाम: रात्री न दिसणाऱ्या संघाच्या घरातून

सप्टेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ असे चार महिने आमच्या घरी एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं, ‘संडे तिकीट’ हे सामन्यांचं विकतचं पॅकेज चाललं. हंगाम संपला, आमचे टायटन्स ३-१४वर (तीन विजय, चौदा पराभव) थांबले, आणि आता निवांतपणे लिहायला बसले आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण हे घ्यावं की नाही ते तुमचा संघ कोणता आणि तुम्ही राहता कुठे, यावरच ठरतं. आम्ही नऊ वर्षं टायटन्सच्या गावी, नॅशव्हिलला होतो. खिडकीला अँटेना, रविवारी दुपारी बारा वाजता टीव्ही सुरू, समोर टायटन्स. दमडी द्यावी लागत नसे. २०२५च्या जूनमध्ये नोकरीपायी न्यू जर्सीला आलो. इथे दुपारी इथलेच संघ, जेट्स नाहीतर जायंट्स. माझा अकरा वर्षांचा लेक नॅशव्हिललाच वाढला. त्याला या दोघांशी काही देणंघेणं नाही.

परगावी राहणाऱ्याला आपला संघ या पॅकेजशिवाय दिसण्याची एक वाट असते, ती म्हणजे रात्रीचे सामने. गुरुवारी ॲमेझॉन प्राइम, रविवारी एनबीसी, सोमवारी ईएसपीएन. हे सामने अख्ख्या देशाला दिसतात. रविवार दुपारचे सीबीएस आणि फॉक्सवरचे सामने मात्र भागानुसार वाटलेले असतात. मे महिन्यात वेळापत्रक आलं तेव्हा तीन संघांना रात्रीचा एकही सामना नव्हता: क्लीव्हलँड ब्राउन्स, न्यू ऑर्लिन्स सेंट्स आणि आमचे टेनेसी टायटन्स. आदल्या वर्षीही आम्ही ३-१४च होतो, तेव्हा कारण समजतं. पण त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे कॅम वॉर्ड आला होता, २०२५च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू. देशातल्या सगळ्यात चर्चेतल्या नव्या मुलाला एक गुरुवारसुद्धा मिळू नये, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. २०१२ साली गुरुवारचे सामने वाढवले तेव्हा प्रत्येक संघाच्या वाट्याला वर्षातून निदान एक तरी रात्र येत होती. ती पद्धत परत आली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता पैशांचं. २०२३पासून हे पॅकेज यूट्यूबकडे आहे, त्याआधी १९९४पासून ते डायरेक्टीव्हीवर होतं. आम्ही यूट्यूब टीव्हीसोबत घेतलं. नवीन ग्राहक म्हणून हंगामाचे २७६ डॉलर, म्हणजे महिन्याला २३चा हप्ता. यूट्यूब टीव्हीचे महिन्याचे ८२.९९ वेगळे. नवऱ्याने पहिल्यांदा आकडा ऐकला तेव्हा तो गप्पच झाला. मग आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला आणि एक गोष्ट लक्षात आली, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. या पॅकेजमध्ये फक्त रविवार दुपारचे, तुमच्या भागात न दिसणारे सामने असतात. रात्रीचे नसतात. त्यामुळे रात्री सारख्या दिसणाऱ्या डॅलससारख्या संघाच्या चाहत्याचे कितीतरी सामने या पॅकेजच्या बाहेरच राहतात, आणि आमचे? सतराच्या सतरा सामने रविवारी दुपारी. सामन्यामागे साधारण सोळा डॉलर. म्हणजे ज्या संघाला टीव्हीने बाजूला ठेवलंय, त्याच्याच चाहत्याला हे पॅकेज सगळ्यात जास्त उपयोगी. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: लोकप्रिय संघाचा चाहता परगावी बसून वर्षाला कितीतरी सामने जादा पैसे न देता पाहतो, आणि हरणाऱ्या संघाच्या माणसाला प्रत्येक सामन्याचे पैसे मोजावे लागतात. याचं मला वाईट वाटतं.

वापरायला सोपं आहे. चार सामने एकाच पडद्यावर लावता येतात. आम्ही ते दोनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं. रेकॉर्डिंगचा मात्र खूप उपयोग झाला. लेकाची मराठी शाळा सुटून घरी येईपर्यंत एक वाजून गेलेला असतो. गुण लपवायची सोय चालू ठेवली की पहिल्यापासून बघता येतं, निकाल आधी फुटत नाही.

निकाल फुटतो तो फोनवरून. इंटरनेटवरून येणारं चित्र अँटेनाच्या मागे असतं, हे मला ५ ऑक्टोबरला कळलं. सामना ॲरिझोनात, कार्डिनल्सशी. आम्ही २१-६ने मागे. त्यांचा एमारी डेमरकाडो बहात्तर यार्ड पळाला आणि गोलची रेषा ओलांडायच्या आधीच आनंदाच्या भरात चेंडू सोडून बसला. तिथून वारं फिरलं. पुढे वॉर्डचा पास त्यांनी पकडला, पकडणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला, घरंगळत त्यांच्याच शेवटच्या पट्ट्यात गेला आणि टायलर लॉकेटने त्यावर अंग टाकलं. टचडाउन! शेवटी काही सेकंद उरलेले, आमचा जोई स्लाय फील्ड गोलची, म्हणजे तीन गुणांची, किक मारायला उभा. लेक सोफ्यावर उभा, मी उशी छातीशी धरलेली. आणि माझा फोन थरथरला. नॅशव्हिलच्या जुन्या शेजारणीचा निरोप: नुसती उद्गारचिन्हं. स्लायने अजून पाऊलही उचललं नव्हतं. २२-२१ने जिंकलो, पण लेकाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यानंतर सामना सुरू झाला की घरातले सगळे फोन स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात जातात. सेटिंगमध्ये ‘ब्रॉडकास्ट डिले’ कमी करायचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी बदलून घ्या. अंतर कमी होतं, पूर्ण जात नाही. नेट कच्चं असेल तर मग चित्र अडकतं; आमच्याकडे नोव्हेंबरात एकदा वीस मिनिटं नेटच गेलं होतं, त्यात पॅकेजचा दोष नाही.

मागे टाकलेल्या संघाच्या सामन्याला पहिल्या फळीचे समालोचक सहसा येत नाहीत. रिप्ले कमी, कोन कमी. दुसऱ्या आठवड्यात रॅम्सविरुद्ध वॉर्डने बचावपटूंना चुकवत, मागे सरकत, पळता पळता इलिक आयोमनॉरला जो टचडाउन पास दिला, तो रात्रीच्या सामन्यात दहा वेळा दाखवला असता. आम्ही तो रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिला. लेकाने मोजून सहा वेळा.

सगळ्यात चांगला रविवार ७ डिसेंबरचा. क्लीव्हलँडला ब्राउन्स विरुद्ध टायटन्स. वेळापत्रकाने वगळलेल्या तिघांपैकी दोघे समोरासमोर. आमचा टोनी पोलार्ड १६१ यार्ड पळाला. समोर त्यांचा क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स, ३६४ यार्ड पास. शेवटच्या मिनिटभरात ३१-२९, बरोबरीसाठी ब्राउन्सचा दोन गुणांचा प्रयत्न, आणि तो फसला. सलग सात पराभवांनंतरचा विजय. लेक बाहेर थंडीत बिनचपलेचा अंगणात पळून आला. मी त्याला रागावले नाही.

तोच मध्यंतरी विचारायचा, “आई, आपण दुसरा संघ का नाही घेत?” मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढले. तिथला फुटबॉल पायाने खेळायचा, शाहू स्टेडियमवर, अण्णांच्या खांद्यावर बसून पाहायचा. पेठेची तालीम, म्हणजे पेठेचा संघ, हरली म्हणून कुणी दुसऱ्या पेठेचा झेंडा हातात धरल्याचं मी पाहिलेलं नाही. लेकाला मी डेट्रॉइटचीही गोष्ट सांगितली. २०२२चं वेळापत्रक आलं तेव्हा तिथल्या लायन्स संघाला रात्रीचा एकही सामना नव्हता. ते जिंकत गेले, हंगामाचा शेवटचा सामना रविवार रात्रीवर हलवला गेला आणि त्यांनी ग्रीन बेला त्यांच्याच मैदानावर २०-१६ने हरवलं. पुढच्या सप्टेंबरात अख्ख्या हंगामाची सुरुवातच लायन्सनी केली, गुरुवारी रात्री, कॅन्सस सिटीत, २१-२०ने जिंकून. लेकाने ते आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत.

कुणी घ्यावं? संघाच्या भागात राहत असाल तर अजिबात नको, अँटेना घ्या. तसेही स्थानिक सामने या पॅकेजमध्ये दिसत नाहीत. तुमचा संघ वर्षाला पाच-सहा वेळा रात्री दिसत असेल तर दोनदा विचार करा. प्लेऑफसाठी, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीसाठी, हे लागत नाही, ते सामने सगळ्यांनाच दिसतात. पण संघापासून लांब आला असाल आणि तो फक्त दुपारी एकच्या गर्दीत खेळत असेल, तर घ्या.

पुढच्या हंगामासाठी हे आपोआप चालू राहतं, नको असेल तर आधी बंद करावं लागतं. नवऱ्याने काल विचारलं, बंद करू का? मी नको म्हटलं. लेकाने आतल्या खोलीतून ऐकलं आणि मे महिन्यात वेळापत्रक नक्की कोणत्या तारखेला येतं, ते विचारायला बाहेर आला.