ल मॉर्नची चढाई : मार्गदर्शक घ्यावा का?

मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या द्वीपकल्पावर, ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न ब्राबाँ हा काळ्या कातळाचा डोंगर उभा आहे. आपल्याकडच्या बहुतेक सहलींत तो किनाऱ्यावरून छायाचित्र काढण्यापुरताच येतो. आम्ही मात्र स्थानिक मार्गदर्शकासह अर्ध्या दिवसाची चढाई ठरवली आणि मॉरिशसमध्ये खर्च केलेल्या पैशांपैकी हेच सर्वाधिक सार्थकी लागले, असे माझे स्पष्ट मत आहे.

वास्तविक वाट चुकण्यासारखी नाही. २०१६ पासून ती सर्वांसाठी अधिकृतपणे खुली आहे, प्रवेशशुल्क नाही आणि प्रवेशद्वाराशी नोंदवहीत नाव लिहून कोणालाही एकट्याने वर जाता येते. त्यामुळे मार्गदर्शकाचे पैसे वाया जातात, असे अनेक जण सांगतात. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला केवळ वाटेसाठी सोबतीची गरज नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु या डोंगराचे महत्त्व त्याच्या वाटेत नसून त्याच्यावर राहून गेलेल्या माणसांत आहे आणि ती माणसे वाटेवरच्या फलकांतून पुरेशी भेटत नाहीत.

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. आफ्रिका, मादागास्कर आणि आग्नेय आशियातून आणलेल्या माणसांप्रमाणेच त्यांत भारतातून आणलेले गुलामही होते, ही गोष्ट मला तिथे उभे राहून ऐकताना फार लागली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. ती वार्ता सांगायला शिपाई डोंगराकडे आले, तेव्हा ते आपल्याला पकडायलाच आले आहेत असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आमच्या मार्गदर्शकांनी ती सांगताना लोकस्मृती कोणती आणि कागदोपत्री इतिहास कोणता, हे वेगवेगळे ठेवले आणि कड्याखालच्या बाजूला बोट दाखवून थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. हा संयम मला त्यांच्या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग वाटला. युनेस्कोने २००८ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो याच इतिहासासाठी.

आता चढाईविषयी. पहिला अर्धा टप्पा रुंद गाडीवाटेसारखा, झाडीतून हळूहळू चढणारा आहे आणि मुलांनाही जमेल असा आहे. त्याच्या शेवटी असलेल्या सज्जासारख्या जागेवरून खाजणाचे निळे-हिरवे पट्टे, प्रवाळाच्या बांधावर फुटणारी पांढरी रेघ आणि उत्तरेकडचे बेनितिए बेट स्पष्ट दिसते. त्यापुढे मात्र खडी कातळचढण सुरू होते. दोन्ही हात लागतात, काही ठिकाणी पाऊल टाकण्याआधी पकड तपासावी लागते आणि उतरताना तोंड कातळाकडे करून उतरणेच शहाणपणाचे असते. मार्गदर्शक प्रत्येक अवघड जागी स्वतः खाली थांबून कोणती खोबण पायासाठी आणि कोणती हातासाठी, हे एकेकाला दाखवत होते. गटातील सर्वांत मंद व्यक्तीच्या वेगाने सगळ्यांना चालवत होते. कातळ आपल्या ओळखीचा वाटतो, याला कारणही आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोताने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर ओतले, त्याच स्रोताने पुढे बऱ्याच काळानंतर मॉरिशस घडवले.

वाट डोंगरावर उभारलेल्या एका क्रूसापाशी संपते. खरा माथा खिंडीच्या पलीकडे असून तिथे जाण्यास मनाई आहे. माथा गाठता येत नाही म्हणून काही पर्यटक नाराज होतात, परंतु पळून आलेल्या माणसांचे आश्रयस्थान पायदळी येऊ नये हे मला योग्यच वाटते. शिवाय ट्रोकेशिया बुटोनियाना हे मॉरिशसचे राष्ट्रीय फूल निसर्गतः जगात फक्त याच डोंगरावर उगवते. लालसर, घंटेसारखे लोंबणारे हे फूल पाहायला मिळणे ऋतूवर आणि नशिबावर अवलंबून असते.

एक अपेक्षा मात्र मनातून काढून टाकावी. जाहिरातींत दिसणारा समुद्राखालचा धबधबा म्हणजे वाळू आणि गाळ यांनी पाण्यात निर्माण केलेला दृष्टिभ्रम आहे आणि तो आकाशातूनच नीट दिसतो. त्यासाठी हा डोंगर चढू नये.

आमच्या गटात माणसे थोडी जास्त होती, त्यामुळे कातळटप्प्यावर खोळंबा झाला आणि उतरताना ऊन चांगलेच भाजू लागले. नोंदणी करताना गटाची संख्या विचारून घ्यावी, उजाडतानाच निघण्याचा आग्रह धरावा आणि पाणी भरपूर घ्यावे, कारण वरच्या टप्प्यात सावली जवळजवळ नाही. पाऊस पडून गेल्यावर कातळ निसरडा होतो, तेव्हा चढाई पुढे ढकलण्याची सोय आहे का, हेही आधीच विचारावे. मे ते नोव्हेंबर हा काळ तुलनेने कोरडा आणि थंड असतो.

उतरल्यावर लगेच हॉटेलकडे न वळता पायथ्याचे गुलामगिरीचे स्मारक अवश्य पाहावे. आमच्या मार्गदर्शकांनी ते ठरलेल्या कार्यक्रमात नसतानाही दाखवले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट याच सहलीत जोडता आला तर फारच उत्तम. १८३४ पासून करारबद्ध मजूर तिथे उतरू लागले आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही होती; गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुट्टी असते. कातळाची सवय नसलेल्यांनी आणि गुडघेदुखी असलेल्यांनी अर्ध्या वाटेवरच्या सज्जापर्यंतच जावे. तेवढ्यासाठी पूर्ण शुल्क देण्याऐवजी कमी दराची छोटी फेरी मिळते का, हे विचारून पाहण्यास हरकत नाही.