स्प्रिंगच्या एअरगनवरची दुर्बीण : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या ०.१७७ बोअरच्या स्प्रिंग एअरगनवर गेल्या दिवाळीत बसवलेली दुर्बीण आज नऊ महिन्यांनीही नेम धरून आहे. ती माझी दुसरी दुर्बीण. पहिली तीन आठवड्यांतच निकामी झाली, आणि ती का गेली हे कळल्यामुळेच दुसरी नीट निवडता आली, म्हणून सुरुवात पहिलीपासूनच करतो.

ठाण्यातल्या एका दुकानात मी चौकशी केली तेव्हा समोरून उत्तर आले, "साहेब, ही मोठ्या शिकारी रायफलवर चालते, तुमच्या छर्ऱ्याच्या बंदुकीने तिला काय होणार?" ते मला पटले. .३७५ एच अँड एच मॅग्नमसारख्या रायफलीचा दणका सोसणारी वस्तू एअरगनचाही सोसेल, असे कोणालाही वाटेल. पण इथे धक्का किती जोराचा आहे यापेक्षा तो कोणत्या दिशेने येतो याला महत्त्व आहे. काडतुसाची रायफल एकाच दिशेने, मागे, ढकलली जाते, आणि तिच्यासाठी बनवलेल्या दुर्बिणीतली भिंगे व क्रॉसहेअर (नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा) मुख्यतः तेवढ्यासाठीच आधार देऊन बसवलेली असतात. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढताच जड पिस्टन पुढे झेपावतो, त्यामुळे बंदूक आधी मागे सरकते, आणि तोच पिस्टन नळकांड्याच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर अडला की क्षणार्धात पुढे हिसका खाते. हा पुढचा हिसकाच भिंगे सैल करतो. माझ्या पहिल्या दुर्बिणीतली आडवी रेघ आधी किंचित तिरकी झाली आणि पुढच्या शनिवारी एका बाजूने तुटून लोंबू लागली.

त्याच काळात आणखी एक गोष्ट दिसली. मुरबाडजवळ मित्राच्या शेतावर मातीच्या उंच बांधासमोर आम्ही कागदी लक्ष्ये लावतो (१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरत नाही, आणि मला ती इच्छाही नाही). तिथे मी माउंटच्या, म्हणजे दुर्बीण बंदुकीला जखडणाऱ्या पकडीच्या, मागच्या कडेला लागून पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली. चाळीसेक छर्रे मारल्यावर पाहिले तर माउंट मागे सरकून रेघेवर चढला होता आणि रेघ पूर्ण झाकली गेली होती. बंदूक पुढे हिसका खाते तेव्हा दुर्बीण आपल्या वजनामुळे जागच्या जागी राहू पाहते, म्हणून बंदुकीच्या तुलनेत ती मागे येते. काडतुसाच्या रायफलीवर हेच उलटे होऊन दुर्बीण पुढे सरकण्याकडे कल असतो. त्यामुळे दुसऱ्या वेळी मी दोन सुट्या कड्या न घेता ११ मिलिमीटर डव्हटेलचा (बंदुकीवरच्या खाचेत बसणारा) एकसंध माउंट घेतला, त्याला खाली स्टॉप पिन आहे, आणि ती बंदुकीवरच्या भोकात अडकवून मगच स्क्रू आवळले. कड्यांचे स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे फिरवावेत, नाहीतर दुर्बिणीच्या २५.४ मिलिमीटरच्या नळीवर डाग पडतात किंवा ती दबते. नऊ महिन्यांत पेन्सिलीची नवी रेघ आहे तिथेच आहे.

दुसरी दुर्बीण ३-९×४० मापाची (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे), स्प्रिंगच्या बंदुकीसाठी असे स्पष्ट लिहिलेली आणि पुढच्या भिंगापाशी फिरवायची कडी असलेली आहे. ही कडी मला आता सगळ्यांत मोलाची वाटते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की रेघ लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) सहसा १०० यार्डांना जुळवलेला असतो, तर आम्ही १० ते २५ मीटरवर मारतो. जुन्या दुर्बिणीतून १० मीटरवरचे वर्तुळ धुरकट दिसे, आणि डोके जराशाने हलवले की क्रॉसहेअर काळ्या ठिपक्यावरून घसरत जाई. गाल दर वेळी त्याच जागी टेकला नाही तर छर्रा त्याच जागी जाणार नाही, हे त्या घसरण्यातच दिसत होते. नवीन दुर्बिणीत कडी १० यार्डांपर्यंत येते आणि डोके हलवले तरी रेघ ठिपक्यावरून हलत नाही. मोठ्या रायफलीसाठी निवडताना मात्र पहिला विचार डोळा आणि दुर्बीण यांतल्या अंतराचा हवा, साधारण ९० ते १०० मिलिमीटर, कारण ते कमी पडले तर दुर्बिणीची कडा भुवई फोडते.

तक्रारीही आहेत. माझी बंदूक नळी खाली दुमडून भरायची आहे आणि अशा कित्येक बंदुकींप्रमाणे तिची नळी किंचित खाली झुकलेली आहे, म्हणून नेम जुळवताना उंचीचा टरेट (नेम वर-खाली करायची फिरकी) जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागला. तिथे दुर्बिणीच्या आतल्या स्प्रिंगचा ताण कमी होतो आणि नेम भटकतो. जानेवारीत मी हे भोगले. माउंटच्या मागच्या कडीत पातळ पट्टी घालून दुर्बिणीचे मागचे टोक उचलले, टरेट मधल्या भागात आणला, आणि तेव्हापासून २० मीटरवरचा पाच छर्ऱ्यांचा ग्रूप रुपयाच्या नाण्याखाली झाकला जातो. टरेटची एक क्लिक कोनाच्या पाव मिनिटाची, म्हणजे २५ मीटरवर जेमतेम १.८ मिलिमीटर, त्यामुळे एकेक क्लिकसाठी छर्रे वाया घालवू नयेत.

जूनपासून ठाण्याच्या दमट हवेत बंदूक कपाटात पडून आहे. दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला असल्याने आत वाफ धरली नाही, पण बाहेरच्या भिंगांवर बुरशी येऊ नये म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतो आणि दर रविवारी उजेडात धरून दोन्ही भिंगे तपासतो. कालपर्यंत दोन्ही स्वच्छ होती.