जुनी होंडा सिटी सांगलीत घ्यायची तर इंजिन शेवटी बघा

जुनी सिटी विकणारा माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो आणि म्हणतो, "इंजिनचा आवाज ऐका." ऐकायची तशी गरज नसते. २००८ ते २०१३ या काळातल्या, म्हणजे 'डॉल्फिन' म्हणतात त्या जुन्या आकारानंतरच्या सिटीचं १४९७ सीसीचं आय-व्हीटेक इंजिन हा तिच्यातला सगळ्यात कमी काळजीचा भाग आहे. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे. वेळेवर ऑइल बदललं असेल तर चेनला हात लावावा लागत नाही. पैसे जातात ते खाली आणि आत: रबरात, चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) आणि पाण्यात.

आधी गुण. ११८ पीएस ताकद, ५०६ लिटरची डिकी, मागे पाय पसरून बसता येईल अशी जागा. टाकी मात्र ४२ लिटरचीच. पिकअप वरच्या आरपीएमला आहे. १४६ एनएमचा टॉर्क ४८०० ला मिळतो. त्यामुळे एसी लावून पाच जणांनी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये रेटत बसू नये, सरळ दुसरा टाकावा. इंजिन ओरडतं, पण ते त्याच्यासाठीच बनलंय. डिझेलची सवय असलेल्याला पहिले काही दिवस ही गाडी मरगळलेली वाटते.

खरा दोष उंचीचा. ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १६० मिमी, पण चार माणसं आणि डिकी भरली की गाडी मागून बसते. गावातले उंच गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेल्या कडा, पाणंदीतली मधली उंच पट्टी हे सगळं तिच्या पोटाला लागतं. म्हणून घेताना गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार करू नका. चेंबरला पोचा किंवा वेल्डिंग दिसलं तर ड्रेन बोल्टचे (ऑइल काढायच्या बोल्टचे) आटे तपासा. पुढच्या लोअर आर्मचे बुश (रबरी जोड) चिरलेत का, लिंक रॉडचे बॉल ढिले झालेत का ते बघा. खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना 'टक टक' असा बारीक आवाज आला तर बहुतेक वेळा लिंक रॉडच असतो. तो स्वस्त आहे. ब्रेक मारल्यावर किंवा वळताना 'धप्' असा जड आवाज आला तर आर्म बुश किंवा शॉकअपचं माउंटिंग. दोन्ही बाजूंचं काम एकदम करा, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात. उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि सीट थरथरत असतील तर चेनच्या बाजूचं इंजिन माउंटिंग बघा. आतलं तेल गळून ते बसतं.

आता पाणी. सांगलीत हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. २०१९ आणि २०२१च्या महापुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, सीट कव्हर घालून बाजारात आल्या, आणि त्या सांगलीतच राहिल्या असं नाही. त्यामुळे एमएच-११ (सातारा) किंवा एमएच-५० (कराड) पासिंग बघून निर्धास्त होऊ नका. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, गाळाची रेघ तिथेच राहते. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा. सीटच्या रुळांवर गंज आणि फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशी दिसली की पुढे बोलणी नकोत. या गाडीचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. पाणी गेलेल्या कनेक्टरचा त्रास लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात सुरू होतो. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर बल्ब काढून ठेवलाय किंवा जोडणीशी खेळ झालाय असं समजा.

देखभालीत ऑइल बदलणं सोपं आहे आणि चूकही तिथेच होते. फिल्टरसकट इंजिनात ३.६ लिटर ऑइल बसतं. डबा चार लिटरचा येतो आणि गॅरेजवाला तो पूर्ण ओततो. उरलेलं ऑइल डिकीत ठेवायला सांगा. ग्रेड ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. जुनं इंजिन म्हणून २०डब्ल्यू-५० घालण्याचा सल्ला ऐकू नका, व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी व्हीटेकची यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवीन घाला आणि बोल्ट ४० एनएमवर थांबवा. लांब पाना लावून आवळला की आटे जातात.

गिअर ऑइलकडे कोणी बघत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सला दीड लिटरच्या आसपास होंडाचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं. ते इंजिन ऑइलसारखं पातळ असतं. त्याऐवजी जाड ८०डब्ल्यू-९० भरलं की थंडीत सकाळी पहिला-दुसरा अडकतो, मग लोक क्लच प्लेट बदलतात. भरताना गाडी सपाट हवी. फिलर होलमधून ऑइल बाहेर यायला लागलं की झालं. एक सवय लावा: आधी फिलर बोल्ट सुटतो का ते बघायचं, मगच खालचा उघडायचा.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट (गॅप) जुळवणं, हे तिसरं दुर्लक्षित काम, आणि गॅस किट लावलेल्या गाडीत तर सगळ्यात महत्त्वाचं. इथे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. स्क्रू आणि लॉकनट आहेत. इंजिन पूर्ण थंड असताना इनटेकला ०.१५ ते ०.१९ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३० मिमी गॅप हवा. ४०,००० किमीला एकदा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून बघा. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. म्हणजे आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत वाटतं! मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. टॅपेट थोडे वाजणारी गाडी एकदम गप्प असलेल्या गॅसच्या गाडीपेक्षा बरी.

कूलंट होंडाचं निळं, तयार मिसळलेलं येतं. त्यात पाणी घालायचं नाही. बोअरचं तर नाहीच, इकडच्या बोअरच्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात. आयडलिंग खालीवर होत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करा, पण तिच्यातली पाकळी बोटाने ढकलू नका, ती मोटरवर चालते. साफ केल्यावर एसी, दिवे सगळं बंद ठेवून न्यूट्रलमध्ये ३००० आरपीएमवर रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत धरा, मग पाच मिनिटं तशीच आयडलवर सोडा. नाहीतर 'साफ करून बिघडली' म्हणत गाडी परत येते.

केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आहे, पाच मिनिटांचं काम. पाचट जाळण्याच्या दिवसांनंतर तो काढून बघाच. ई२०बद्दल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल): १ जानेवारी २००९ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग ई२० पेट्रोलला चालतात असं होंडाने जाहीर केलंय, तेव्हा २००८ची गाडी असेल तर होज आणि सील वेगळे तपासून घ्या.

कागदांत दोन गोष्टी. या काळातल्या बऱ्याच सिटींमध्ये टाकाटा कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर होते. दमट हवेत त्यातलं रसायन बिघडतं आणि फुटताना धातूचे तुकडे उडू शकतात. चॅसिस नंबर होंडाच्या वेबसाइटवर टाकून रिकॉलचं काम झालंय का ते बघा. राहिलं असेल तर कंपनी मोफत करून देते. दुसरं, १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी नूतनीकृत झालेली असली पाहिजे: फॉर्म २५, गाडीची तपासणी आणि ग्रीन टॅक्स, मग पुढची पाच वर्षं. विकणारा "करून देतो" म्हणाला तर नवीन तारखेचं आरसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.