हॉर्नवर्मचा ‘पैदास संच’: अळ्या वाढवण्यास उत्तम, पैदाशीसाठी अपुरा

वेष्टनावर ‘घरच्या घरी हॉर्नवर्मची पैदास’ असे ठळक अक्षरांत छापलेला हा संच मी आमच्या बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको या दोन पाळीव सरड्यांसाठी मागवला होता; हॉर्नवर्म म्हणजे अशा सरड्यांना भक्ष्य म्हणून दिली जाणारी, शेपटीकडे शिंग असलेली एका पतंगाची अळी. छोट्या कुपीतली अंडी, कोरड्या खाद्याच्या भुकटीची पिशवी, झाकणाला बारीक छिद्रे पाडलेले दोन पारदर्शक डबे, त्यांत उभी बसवायची प्लास्टिकची जाळी आणि घडी घातलेले माहितीपत्रक एवढ्या वस्तू त्यात मिळाल्या. त्यानंतर अळ्यांच्या दोन खेपा मी या संचावर वाढवल्या आणि दोन्ही खेपांतल्या काही अळ्या मुद्दाम राखून त्यांचे कोष होऊ दिले, त्यामुळे अळ्या वाढवणे आणि त्यांची पुढची पैदास, या दोन्ही बाबतींत संच मला तपासता आला.

पहिली तक्रार किरकोळ आहे, पण ती विक्रेत्याच्या निष्काळजीपणाविषयी काही सांगून जाते. वेष्टनावर ‘टोमॅटो हॉर्नवर्म’ असे लिहिले आहे, प्रत्यक्षात निघालेल्या अळ्या मात्र तंबाखूवरच्या हॉर्नवर्मच्या, म्हणजे मँडुका सेक्स्टा या जातीच्या आहेत. ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत: हिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना सात तिरप्या पांढऱ्या रेषा असतात आणि शेपटीकडचे शिंग तांबूस असते, तर टोमॅटो हॉर्नवर्मच्या अंगावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आठ खुणा असून तिचे शिंग काळपट निळे असते. भक्ष्य म्हणून जवळजवळ सर्वत्र विकली जाते ती पहिलीच जात, कारण कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळांनी ती कित्येक दशके पाळली आणि तिच्यासाठी पानांविना चालणारे कृत्रिम खाद्य तयार केले. या संचाचे सगळे यश त्या जुन्या मेहनतीवर उभे आहे.

आणि खाद्याच्या बाबतीत संच खरोखर चांगला आहे. भुकटी उकळत्या पाण्यात घोटून निवू दिली की तिच्यातल्या अगारमुळे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या, घट्टपणा आणणाऱ्या पदार्थामुळे) खरवसासारखी घट्ट वडी तयार होते. गव्हाचा अंकुर, केसिन हे दुधातले प्रथिन, साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे हे तिचे मुख्य घटक आहेत. वडी कापून शीतकपाटात ठेवली तर दोन आठवडे सहज टिकली. दर वेळी लागेल तेवढा तुकडा काढून तो खोलीच्या तापमानाला आल्यावर द्यावा, एवढेच पथ्य. अंडी साधारण 27 अंश सेल्सियसला ठेवली होती, ती चौथ्या दिवशी फुटली. नुकत्याच निघालेल्या अळ्या पिवळट पांढऱ्या, दोऱ्याच्या तुकड्यासारख्या असतात आणि त्यांचे काळे शिंग अंगाच्या मानाने इतके मोठे दिसते की पाहणाऱ्याला हसू यावे. खाऊ लागल्यावर त्या निळसर होतात. हा निळा रंग रोगाचा नाही, हे पत्रकात सांगायला हवे होते. पानांवर वाढणाऱ्या अळीला पानांतल्या पिवळ्या रंगद्रव्यांमुळे हिरवा रंग येतो, कृत्रिम खाद्यात ती द्रव्ये पुरेशी नसली की अंगातला मूळ निळा रंगच वर दिसतो.

डब्यांची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. खाद्य बुडाशी चिकटवून डबा उलटा ठेवायचा, म्हणजे अळ्या जाळीला धरून वर जाऊन खातात आणि लेंड्या खाली झाकणावर पडतात, त्यामुळे खाद्य स्वच्छ राहते. पहिल्या खेपेत मी झाकण दोन दिवस पुसले नाही. डब्याच्या आतून पाण्याचे थेंब धरले, खाद्यावर बुरशी आली आणि सहा अळ्या काळ्या पडून लिबलिबीत झाल्या. मेलेली अळी लगेच बाहेर काढली नाही तर तिच्या शेजारणींचीही खैर नसते. दुसऱ्या खेपेत रोज झाकण पुसले, डब्यात अळ्यांची दाटी होऊ दिली नाही आणि एकच अळी गेली. म्हणजे दोष संचाचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

खरी अडचण अळ्या मरण्याची नसून त्या वाढण्याची आहे. अंड्यातून निघाल्यापासून पाच अवस्था, म्हणजे चार वेळा कात टाकून, ही अळी सुमारे तीन आठवड्यांत एका मिलिग्रॅमवरून 10 ग्रॅमच्या आसपास पोहोचते, आणि या वजनातली सुमारे नऊ दशांश भर एकट्या शेवटच्या अवस्थेत पडते. व्यवहारात याचा अर्थ असा की सोमवारी गेकोला अगदी योग्य वाटलेली अळी शुक्रवारी त्याच्या डोक्याएवढी झालेली असते. भक्ष्य प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसावे, हा सरडे पाळणाऱ्यांचा नियम मानला तर गेकोसाठी अळ्या वापरण्याचे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतात. उपाय गारव्याचा आहे: 13 ते 15 अंशांना ठेवलेल्या अळ्या जगतात पण वाढ जवळजवळ थांबते, आणि पुन्हा उबेला आणल्या की खायला लागतात. मी अर्धी खेप उबेला आणि अर्धी गार जागी ठेवून भक्ष्याचा पुरवठा आठवड्याऐवजी तीन आठवडे चालवला. पत्रकात या युक्तीविषयी चकार शब्द नाही, आणि ती माहीत नसलेल्या गिऱ्हाईकाच्या निम्म्या अळ्या वाया जाणार हे उघड आहे.

भक्ष्य म्हणून अळीचे गुण मान्य करावेच लागतात. तिच्या वजनाचा सुमारे 85 टक्के भाग पाणी असते, प्रथिने 9 टक्क्यांच्या आसपास आणि चरबी 3 टक्क्यांच्या आसपास भरते, शिवाय अंग मऊ असल्याने मीलवर्मसारखे कठीण कवच पचवावे लागत नाही. कात टाकताना सुस्तावलेला आणि पाण्याच्या भांड्याकडे ढुंकूनही न पाहणारा आमचा ड्रॅगन हिचा निळा रंग हलताना दिसला की धावत येतो. मात्र याच पाण्यामुळे लागोपाठ चार दिवस हॉर्नवर्म दिले तेव्हा त्याची विष्ठा पातळ झाली. कॅल्शियमही तिच्यात पुरेसे नसते, म्हणून कॅल्शियमची भुकटी लावूनच द्यावी लागते आणि गुळगुळीत अंगावरून ती निम्मी घसरून पडते. रोजच्या जेवणाची जागा हिने घ्यावी असे मला वाटत नाही. आठवड्यातून एकदोनदा, रातकिड्यांच्या जोडीला, एवढे तिचे स्थान ठीक आहे. शिंगाची भीती मात्र कोणी बाळगू नये, ते मऊ असते आणि डंख मारत नाही.

आता ज्या वाक्यामुळे मी या संचाला पूर्ण गुण देऊ शकत नाही ते वाक्य. पत्रकाच्या शेवटी लिहिले आहे की भुकटी संपल्यास टोमॅटोची पाने दिली तरी चालतील. अळीला चालतील, यात शंका नाही. सरड्याला चालणार नाहीत. टोमॅटोच्या पानांतले टोमॅटिन किंवा तंबाखूतले निकोटिन अळी पचवू शकते, पण ते तिच्या पोटात आणि अंगात असते आणि तीच अळी खाणाऱ्या प्राण्याला विषबाधा होऊ शकते. बागेत सापडलेला हॉर्नवर्म पाळीव प्राण्याला कधीही देऊ नये, ही या छंदातली पहिली शिकवण असते. शिवाय एकदा पानांची चव लागलेली अळी बहुधा दुसरे खाद्य नाकारते, म्हणजे परत फिरण्याची वाटही बंद होते. विक्रेत्याला मी हे कळवले; पुढच्या खेपेसोबत आलेल्या पत्रकातही ते वाक्य जसेच्या तसे होते.

राहिला पैदाशीचा दावा. पूर्ण वाढलेली अळी खाणे सोडते, तिच्या पाठीवर मधोमध एक गडद रेघ धडधडताना दिसू लागते आणि ती डब्यात अस्वस्थ फिरू लागते. या वेळी तिला पुरण्यासाठी किमान 10 सेंटिमीटर ओलसर माती किंवा पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची माती) लागते. संचात त्याची सोय नाही, ती मी केली. आठवड्याभरात पाण्याच्या जगच्या हँडलसारखी वळलेली सोंडेची कमान असलेले तपकिरी कोष तयार झाले. पत्रकाप्रमाणे तीन आठवड्यांत पतंग निघायला हवे होते. दोन महिने झाले तरी एकही निघाला नाही. कोष मेले म्हणावेत तर हात लागताच पोट वळवत होते. कारण नंतर ध्यानात आले: अळी असताना दिवसाचा उजेड सुमारे साडेतेरा तासांपेक्षा कमी मिळाला तर हा कीटक हिवाळा आला असे समजून कोषातच झोपी जातो. माझे डबे एका कपाटाच्या आडोशाला होते. दुसऱ्या खेपेला पहिल्या दिवसापासून 16 तास दिवा लावला आणि कोष झाल्यावर 20 दिवसांच्या आत पतंग बाहेर पडू लागले. ज्या एका गोष्टीवर सगळी पैदास अवलंबून आहे ती गोष्ट ‘पैदास संचा’च्या पत्रकात नसावी, हे मला अजूनही पटत नाही.

त्यापुढचेही सर्व सामान आपलेच. कोषातून निघालेल्या पतंगाला चढायला खडबडीत उभा पृष्ठभाग मिळाला नाही तर पंख पसरत नाहीत. संचातल्या गुळगुळीत डब्यात निघालेले पहिले दोन पतंग चुरगळलेल्या पंखांचेच राहिले. बाकीच्यांसाठी जाळीचा उंच पिंजरा आणला, साखरेचे पाणी ठेवले आणि अंडी घालण्यासाठी कुंडीतले टोमॅटोचे रोप आत सरकवले, कारण टोमॅटो-तंबाखूच्या कुळातल्या पानांचा वास आल्याशिवाय मादी सहसा मनापासून अंडी घालत नाही. रात्री पिंजऱ्यातून छोट्या पंख्यासारखा आवाज येत असे. पानांवर एकेक ठेवलेली फिकट हिरवी अंडी मी रोज सकाळी बोटाने सोडवून घेतली. एखादे राहून रोपावरच फुटले तर ती अळी सरड्यांसाठी बाद. जास्तीची अंडी आणि थकलेले पतंग गोठवून टाकले, कारण पिकांवरची ही कीड बाहेर सोडून देणे कुठेच समर्थनीय नाही.

अळ्या विकत आणण्याऐवजी अंड्यांपासून वाढवायच्या असतील तर हा संच जरूर घ्यावा, आणि पत्रकातले शेवटचे वाक्य पेनने खोडून टाकावे. पैदाशीसाठी म्हणून घेणाऱ्याने माती, दिवा, पिंजरा आणि रोप यांची वेगळी तयारी ठेवावी. मी स्वतः आता याच विक्रेत्याकडून केवळ भुकटी मागवतो. पहिल्या खेपेतले झोपलेले तीन कोष अजून पीटच्या डब्यात आहेत.