सरकारी दवाखान्यातली मनाची ओपीडी: पाचपैकी साडेतीन

मी ब्लाऊज शिवते, 23 वर्षं झाली. गेल्या लगीनसराईत 40 ब्लाऊज कापून पडले होते आणि मी मशिनसमोर बसून नुसती बॉबिन भरत होते.

रडू येत नव्हतं, म्हणून हे डिप्रेशन असेल असं वाटलंच नाही. पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची. साडीला मॅचिंग दोरा निवडायला अर्धा तास लागायचा. जाऊबाई म्हणाल्या नजर लागली, नवरा म्हणाला काम कमी घे. शेवटी भाच्याने 14416 लावून फोन हातात दिला. टेलिमानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठीची सरकारी लाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून. फुकट, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवा म्हणाल्या.

तर हे त्या ओपीडीबद्दल. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथे जायचंय.

पैसे शून्य. केसपेपर, रक्त, गोळ्या, सगळं. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तसंच आहे. खाजगीत विचारून आले होते. तिथल्या एका भेटीत माझ्या तीन अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई जाते.

पाटीवर ‘मनोविकृती विभाग’ लिहिलंय. ते वाचून मीच एकदा जिन्यावरून परत फिरले होते.

आत एका मॅडमनी नऊ प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, झोप, भूक, थकवा यांचा त्रास झाला का, असं. उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन मार्क. माझे 27 पैकी 17 आले. शाळेत गणितात कधी पडले नव्हते एवढे! नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता. मधे फक्त हिरवा पडदा, पलीकडे माझ्याच गल्लीतली बाई बसलेली. मी ‘काही दिवस’ म्हणाले, तेही पुटपुटत. एक मार्क त्या पडद्याचा कापला.

डॉक्टर पोरगेलेसे, पण त्यांनी ते पुटपुटणं सोडलं नाही. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात विचारलं, “ताई, काही करून घ्यायचं मनात ठरवलंय का?” नव्हतं ठरवलं. पण इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर बरंच वाटलं. मग थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं, कारण ते बिघडलं तरी माणूस असाच मंद होतो. दोन्ही ठीक निघाले. एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली, आधी 5 मिलिग्रॅम, मग 10.

लवकर फरक पडेल म्हणून जाणाऱ्यांनी हे वाचा. पहिला आठवडा नुसती मळमळ. आधी झोप सुधारली, मन सुधारायला चौथा आठवडा उजाडला. गोळीची सवय लागते का, हेही विचारलं. दारूसारखी तलफ लागत नाही, पण मनाने बंद करायची नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यायची, असं सांगितलं.

आणि नेमकं तिसऱ्या महिन्यात औषधखिडकीवर ‘स्टॉक नाही, सोमवारी या’. मी भोळेपणाने थांबले. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, चक्कर यायची. शेवटी बाहेरून गोळ्यांची स्ट्रिप विकत आणली. अर्धा मार्क इथे गेला. डॉक्टरांवर राग नाही, खिडकीवर आहे.

सगळ्यात उपयोगी पडल्या त्या समुपदेशक मॅडम. त्या म्हणाल्या, मन लागेल मग काम करीन असं म्हणू नका, ते उलटं चालतं. रोज एका ब्लाऊजला फक्त हुक लावायचे. शिवायचं नाही, हुक लावून उठायचं. मला हसू आलं, पण केलं. नवव्या दिवशी हुकांबरोबर काजही करून झाली होती. मापाच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावाशेजारी त्या दिवसाच्या मनाला दहापैकी मार्क लिहायचे, हेही त्यांनीच लावून दिलं. ती वही बघून कळतं की पहिले 15 दिवस सगळे दोन-तीनच आहेत आणि मी उगाच धीर सोडत होते.

आता महिन्यातून एकदा जाते. सोमवारी जाऊ नका, रांग जिन्यापर्यंत येते. गुरुवारी गर्दी कमी असते. पाण्याची बाटली न्या, तिथला कूलर बंद आहे.